रक्त रात्रीच का घेतात?

प्रश्न : माझी मोठी बहीण चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीडकडे दिली आहे. मागच्या पावसाळ्यात तिच्याकडे चार दिवस राहिलो. एका रात्री साडेदहाला आरोग्य खात्याची माणसं टॉर्च घेऊन दारात आली. घरातल्या सगळ्यांची बोटं टोचून काचेवर रक्ताचे थेंब घेतले, माझेही घेतले. हत्तीपायाची तपासणी आहे म्हणाले. दिवसा का येत नाही, असं विचारलं तर म्हणाले, दिवसा सापडत नाही. हे कसं काय? चार दिवसांत मला लागण झाली असेल का? भाऊजी म्हणतात, आमच्या घरात कोणाचाच पाय हत्तीसारखा नाही, मग त्या गोळ्या कशाला खायच्या? ताईचा उजवा पाय तेवढा रोवणीच्या दिवसांत संध्याकाळी जड होतो, पण सकाळी उतरतो.
– एक वाचक, मंगरुळपीर, जि. वाशिम

उत्तर : ती माणसं अगदी बरोबर वेळेला आली होती.

हत्तीरोगाचा कृमी पांढऱ्या दोऱ्यासारखा असतो. मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब, नर तिच्या निम्म्याहून कमी. नर-मादी माणसाच्या लसिकावाहिन्यांत ठाण मांडतात, तिथे पाच-सात वर्षं जगतात आणि त्या काळात मादी लाखो सूक्ष्म पिल्लं सोडते. ही पिल्लं रक्तात उतरतात. दिवसा ती फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून असतात. रात्री दहा ते दोनच्या सुमारास मात्र कातडीलगतच्या रक्तात त्यांची गर्दी होते, कारण आपल्याकडे हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास रात्री चावतो आणि पिल्लांची पुढची वाढ त्या डासाच्या अंगातच होते. पॅसिफिकमधल्या काही बेटांवर दिवसा चावणारा डास हा रोग पसरवतो. तिथे पिल्लं दिवसाही रक्तात सापडतात. लंडनमधल्या एका डॉक्टरांनी तर रुग्णाला दिवसा झोपवून रात्री जागवलं, तेव्हा काही दिवसांत पिल्लांनीही आपलं वेळापत्रक उलटं केलं. घड्याळ त्यांचं नाही, आपल्या झोपेचं आहे.

या शोधात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. माणसाच्या रक्तात ही पिल्लं पहिल्यांदा दिसली ती १८७२ साली कलकत्त्यात, टिमथी लुईस या डॉक्टरांना. १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी आपल्या माळ्याच्या अंगावर डास सोडले आणि त्या डासांच्या पोटात पिल्लं वाढताना पाहिली. माणसाचा रोग डासाच्या अंगात वाढतो, हे तोवर कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पुढे याच मॅन्सन यांच्या सांगण्यावरून रोनाल्ड रॉस मलेरियाच्या मागे लागले आणि १८९७ मध्ये सिकंदराबादला त्यांना डासात मलेरियाचा जंतू सापडला. त्याही आधी, सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळात, सुश्रुतसंहितेने या रोगाला श्लीपद म्हटलं आणि जिथे जुनं पाणी साचून राहतं, बारा महिने गारवा असतो, अशा मुलखात तो जास्त होतो, हे लिहून ठेवलं. डास माहीत नव्हता, पण डबकं बरोबर हेरलं होतं. झाडीपट्टीतली तळी, बोड्या आणि धानाच्या बांध्या पाहिल्या की ते निरीक्षण आठवतं. क्युलेक्सला मात्र स्वच्छ पाण्यापेक्षा गटाराचं, सांडपाण्याचं घाण पाणी जास्त मानवतं. म्हणजे गावातलं न्हाणीघरामागचं उघडं डबकं हे त्याचं माहेर.

आता तुमच्या चार दिवसांचं. निश्चिंत राहा. मलेरियाला एक डास पुरतो, हत्तीरोगाला पुरत नाही. डास रोगाची अळी कातडीवर सोडतो आणि चाव्याच्या छिद्रातून ती आत शिरते. त्यातल्या फार थोड्या अळ्या तग धरतात, आणि नर-मादी दोन्ही पोहोचल्याशिवाय पिल्लं होत नाहीत. रोग जडायला महिनोन् महिने, बहुतेकदा वर्षानुवर्षं शेकडो-हजारो चावे लागतात. पाहुण्याला धोका नगण्य, तिथे नांदणाऱ्याला खरा. आपल्या वाशिम जिल्ह्यातून पोटासाठी बाहेर जाणारी माणसं पुष्कळ आहेत. त्यातला कोणी हत्तीरोगाच्या पट्ट्यात चार-पाच हंगाम राहून आला असेल, तर त्याने मात्र तपासणी करून घ्यावी.

रात्रीच्या रक्ताला पर्याय शोधण्याचं काम आपल्या विदर्भातही झालं, हे फार थोड्यांना माहीत आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रात डॉ. भास्कर हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं एकच ध्यास घेतला : पिल्लू सापडो न सापडो, कृमीच्या अस्तित्वाची खूण रक्तात ओळखता यायला हवी. आज बोटाच्या एका थेंबावर दहा मिनिटांत, भरदिवसा, कृमी आहे की नाही हे सांगणारी पट्टी जगभर वापरतात. पण पिल्लं आहेत का आणि किती, हे पाहायला अजूनही रात्रीची काच लागते. म्हणून ती माणसं दिवसाची ड्युटी आटोपून रात्री अंधारात दारोदार फिरतात. पुढच्या वेळी त्यांना चहा विचारा.

भाऊजींच्या प्रश्नाकडे वळण्याआधी लसिका म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच आहे. पायाला काटा बोचून पिकला की जांघेत गाठ येते. आपण म्हणतो, अवधाण आलं. ती गाठ म्हणजे लसिकाग्रंथी. रक्तातून पाझरलेलं पाणी पेशींच्या सांदीकोपऱ्यांतून गोळा करून परत रक्तात नेणाऱ्या नळ्यांचं एक जाळं अंगभर असतं. दिवसाला दोन ते चार लिटर पाणी त्यातून जातं आणि वाटेतल्या नाक्यांवर, म्हणजे या ग्रंथींमध्ये, जंतू अडवले जातात. कृमी याच नळ्यांत घर करतात. नळ्या फुगतात, सैल पडतात, पाणी परत जाईनासं होतं आणि खाली पाय भरत जातो. पुरुषांमध्ये अंडवृद्धी होते. ती तर पायाच्या सुजेपेक्षाही जास्त आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात अडीच कोटी पुरुषांना ही व्याधी आहे आणि हातपाय सुजलेले दीड कोटींच्या वर. अंडवृद्धीवर साधी शस्त्रक्रिया असते, तरी लाजेपायी माणसं धोतर सावरत आयुष्य काढतात.

तर भाऊजींना सांगा, ज्याचा पाय हत्तीसारखा झाला आहे, त्याच्या रक्तात बहुतेक वेळा पिल्लं नसतातच. रोग पसरतो तो धडधाकट दिसणाऱ्या, स्वतःला काहीही होत नसलेल्या माणसाकडून. ते भाऊजी असू शकतात, शाळेत जाणारी त्यांची पोरगीही असू शकते. म्हणून गोळ्या सगळ्यांनी खायच्या. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी तेवढे वगळायचे. यातली मुख्य गोळी डीईसी. अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ती तयार झाली, तेव्हा तिथलं संशोधन भीमावरमहून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली चालत होतं. भारतात २००४ पासून वर्षातून एकदा सामूहिक औषधोपचार सुरू झाला. डीईसी आणि अल्बेंडाझोल या दोन गोळ्यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन ही तिसरी गोळी देण्याचा प्रयोग २०१८च्या अखेरीस बिहारच्या अरवल जिल्ह्यापासून सुरू झाला आणि पाठोपाठ आपल्या नागपूरला आला. २०२७ पर्यंत देशातून हत्तीरोग हद्दपार करायचा असं सरकारने ठरवलं आहे. पण घराघरांत आशाताईंनी हातावर ठेवलेली गोळी फळीवरच राहते, हे मी स्वतः पाहिलं आहे. म्हणून आता समोरच गिळायला सांगतात. ती जेवूनच घ्यायची. एखाद्याला ताप आला, मळमळलं, तर गोळी वाईट असं नव्हे. बहुतेकदा त्याच्या अंगात पिल्लं होती आणि ती मरत आहेत, त्याचा तो त्रास असतो.

मला मनापासून सलतं ते भित्तिपत्रक. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर हत्तीरोगाचं चित्र पाहा : नेहमी तोच शेवटच्या पायरीचा, घड्या पडलेला, खांबासारखा पाय. ते पाहून ज्याचा पाय नुकताच भरू लागला आहे तो म्हणतो, माझं काही असं नाही. आणि ज्याचा तसा झाला आहे तो घराबाहेर पडत नाही. भिंतीवर पहिल्या पायरीचा पाय हवा. संध्याकाळी मोज्याच्या रबराचा किंवा पैंजणाचा वण उमटलेला, सकाळी नाहीसा होणारा.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. सुजलेला प्रत्येक पाय किंवा हात हत्तीरोगाचा नसतो. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या किंवा त्यांना किरणोपचार दिले की त्या बाजूचा हात सुजू शकतो. तिथे कृमी नाही, डास नाही, नळ्यांचं नुकसान मात्र तेच. अमेरिकन अभिनेत्री कॅथी बेट्स यांना शस्त्रक्रियेनंतर हा त्रास झाला आणि त्या उघडपणे त्याबद्दल बोलू लागल्या. ६ मार्च हा लसिकासुजेच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. इकडे केरळच्या कासरगोडला डॉ. एस. आर. नरहरी यांच्या संस्थेने आयुर्वेद, योग आणि आधुनिक त्वचाविज्ञान एकत्र आणून सुजलेले पाय उतरवून दाखवले आहेत. त्या उपचाराचा पाया आहे रोजचं पाय धुणं.

ते धुणं मी भंडारा जिल्ह्यात एका आजींच्या अंगणात पाहिलं. लुगड्याचा काठ त्या कायम घोट्याखाली ओढून बसायच्या. नर्सबाईंनी त्यांना पाटावर बसवलं, खाली घमेलं ठेवलं. कोमट नाही, साधं पाणी. अंगाचा साबण हाताला लावून, ब्रश नाही की दगड नाही, घोट्यापासून खाली हळूहळू. मग एकेक बोट वेगळं करून बेचक्यांत. तिथे चिखल्या होत्या, पांढऱ्या, फाटलेल्या. जुन्या मऊ सुती फडक्याने बेचकी न् बेचकी टिपून कोरडी केली आणि मलम लावलं. सगळ्याला वीस मिनिटं लागली. आजी म्हणाल्या, नवरा गेल्यापासून या पायाला कोणी हात लावला नव्हता. जंतू शिरतात ते याच चिखल्यांतून. मग थंडी वाजून ताप, पाय लालभडक, अवधाण. असा प्रत्येक झटका सूज एक पायरी वर चढवतो. झटका थांबला की पाय थांबतो.

आणि आता तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य. तुम्ही ते सहज लिहिलंत, पण मला तेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. दोन्ही पाय सुजले तर रक्तक्षय, हृदय, मूत्रपिंड अशी कारणं आधी पाहावी लागतात. एकच पाय, हत्तीरोगाच्या पट्ट्यात, संध्याकाळी भरतो आणि सकाळी उतरतो : ही भिंतीवर नसलेली पहिली पायरी असू शकते, शिरांचं दुखणंही असू शकतं. या आठवड्यात ताईंना जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या आणि हत्तीरोगाची तपासणी मागून घ्या. तोवर रोज रात्री पाय धुऊन बेचक्या कोरड्या करायच्या, झोपताना गादीच्या पायथ्याखाली उशी सरकवून पाय उंच ठेवायचा, बसल्या-बसल्या टाच आणि चवडा आळीपाळीने उचलायचा. ताप येऊन पाय लाल झाला तर शेक द्यायचा नाही, चोळायचं नाही, डागण्या तर मुळीच नाहीत. थंड पाण्याची पट्टी ठेवायची आणि लगेच डॉक्टर गाठायचा. रोवणीला उतरायच्या आधी बेचक्या पाहायच्या. चिखल्या दिसल्या तर त्या बऱ्या होईस्तोवर बांधीत उतरायचं नाही. भाऊजींना सांगा, तेवढे दिवस ताईंच्या वाटची रोवणी त्यांनी करावी.