गुराख्यांचं गाव मेडोरा

परगावी निघालं की आपण विचारतो, तिथं पाहण्यासारखं काय आहे? आज आपण फार लांबच्या एका गावाला जाऊ. पुस्तकातून जाऊ, म्हणजे भाडं पडणार नाही.

अमेरिका देशाच्या उत्तर भागात नॉर्थ डकोटा नावाचं राज्य आहे. तिथं लिटल मिसूरी नदीच्या काठी मेडोरा गाव आहे. गाव अगदी लहान. 2020 च्या खानेसुमारीत माणसं भरली अवघी 121. भोवताली रंगीत मातीच्या टेकड्या, घळी आणि गवताची रानं.

या रानांत पूर्वी बायसन नावाच्या रानबैलांचे मोठे कळप चरत. तिथले मूळचे लोक त्यांवरच जगत. पुढं शिकाऱ्यांनी बायसन मारून जवळजवळ संपवले. रान मोकळं झालं. मग धनवान लोकांनी तिथं आपली गुरं आणून सोडली. गुरं पाळायच्या अशा मोठ्या जागेला तिकडं रँच म्हणतात.

1883 साली फ्रान्सचा एक उमराव, मार्की द मोरेस, तिथं आला. आगगाडी आलेलीच होती. त्यानं गाव वसवलं आणि बायकोचं नाव गावाला दिलं. मांसाचा मोठा कारखाना काढला. बर्फानं थंड ठेवलेल्या डब्यांतून मांस दूरच्या शहरांत जाई. पण धंदा जमला नाही. 1886 साली कारखाना बंद पडला.

त्याच साली मोठं संकट आलं. ते नीट समजून घेऊ.

रान बहुतेक मोकळं होतं, कोणा एकाच्या मालकीचं नव्हतं. प्रत्येकाला वाटे, आपली चार गुरं आणखी सोडावीत. गुरं वाढली, गवत तेवढंच राहिलं. 1886 च्या उन्हाळ्यात पाऊस पडला नाही. गवत वाळलं. सुक्या वैरणीची गंज फारशी कोणी रचलेली नव्हती. मग हिवाळा आला, तो बर्फ घेऊन. उरलंसुरलं गवत बर्फाखाली गाडलं गेलं. हजारो गुरं भुकेनं आणि थंडीनं मेली.

थिओडोर रूझवेल्ट यांचीही गुरं तिथं होती. त्यांची निम्म्याहून जास्त गेली. हेच रूझवेल्ट 1901 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. रान कसं उजाड होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी सुमारे 23 कोटी एकर जमीन राखीव केली. इकडं रँचवाल्यांनीही धडा घेतला. कळप लहान केले, हिवाळ्यासाठी गवत कापून साठवू लागले.

आज मेडोराला पुष्कळ प्रवासी जातात. मार्कीचा 26 खोल्यांचा वाडा पाहायला मिळतो. कारखाना 1907 साली जळाला. त्याचं उंच धुराडं मात्र उभं आहे. गावाला लागूनच रूझवेल्ट यांच्या नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. 1956 साली तिथं बायसन पुन्हा आणून सोडले. आता त्यांचे कळप चरताना दिसतात. उन्हाळ्यात संध्याकाळी उघड्या रंगमंचावर गाण्याबजावण्याचा कार्यक्रम होतो. तो 1965 पासून चालू आहे.

मंडळी, मुलूख दूरचा, पण गोष्ट आपल्या ओळखीची आहे. आपल्याही गावाला गायरान असतं. ते सगळ्यांचं, म्हणून कोणीच राखत नाही. किती गुरं सोडायची, हे चार माणसांनी बसून ठरवावं. आणि कडब्याची गंज सुगीतच रचावी. गुरं हंबरू लागल्यावर वैरण कुठून आणणार?

प्रश्न :
1. मेडोराच्या रानातलं गवत का संपलं?
2. त्या हिवाळ्यानंतर रँचवाल्यांनी काय बदललं?
3. तुमच्या गावचं गायरान कोण राखतं?