क्लाउडमधले सामायिक कपाट आणि त्याची किल्ली



हजेरी, निकालपत्रके, पोषण आहाराचे हिशेब हे सगळं आता संगणकावर असतं. ते एकाच शिक्षकाच्या लॅपटॉपमध्ये राहिलं आणि त्यांची बदली झाली, की शोधाशोध सुरू होते. म्हणून सर्वांना उघडता येईल अशी एक सामायिक जागा लागते. मोठ्या संस्था क्लाउडमध्ये अशी जागा कशी उभारतात, ते आज सोप्या भाषेत पाहूया.

उदाहरण घेऊ ओपनस्टॅकचं. ही मुक्तस्रोत क्लाउड प्रणाली २०१० साली नासा आणि रॅकस्पेस यांनी मिळून सुरू केली. तिच्यातल्या सामायिक फाइल सेवेचं नाव मनिला.

मनिलाचे मुख्य भाग

१) एपीआय : ही कार्यालयाची खिडकी. "मला १ जीबीचा कप्पा हवा" हा अर्ज इथे येतो.
२) शेड्यूलर : कोणत्या कपाटात जागा आहे, हे ठरवणारा.
३) शेअर : प्रत्यक्ष कप्पा तयार करून देणारा.

पहिले दोन भाग नियंत्रक संगणकावर बसवतात. तिसरा साधारणपणे साठवणीच्या संगणकावर असतो.

बसवण्याचा क्रम

१) आधी डेटाबेस तयार करायचा. हे आपलं डेडस्टॉक रजिस्टरच! कोणता कप्पा, केवढा, कोणाचा, याची नोंद त्यात राहते.
२) मग कीस्टोन या ओळख तपासणाऱ्या सेवेकडे मनिलाचं नाव आणि पत्ता नोंदवायचा. तिची खिडकी सहसा ८७८६ क्रमांकाच्या पोर्टवर असते.
३) त्यानंतर सॉफ्टवेअर बसवून सेटिंगच्या फाइलमध्ये डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड वगैरे भरायचे, डेटाबेसमधले तक्ते तयार करायचे आणि सेवा सुरू करायची.
४) साठवणीच्या संगणकावर कोणत्या प्रकारची साठवण वापरायची, ते सांगायचं.
५) शेवटी कप्पा मागायचा. त्यासाठी एनएफएस ही पद्धत बऱ्याचदा वापरतात.

कप्पा तयार झाला, पण तो उघडतो का? नाही! हाच आजच्या पाठाचा गाभा आहे. मनिलातला नवा कप्पा सुरुवातीला कोणालाच उघडत नाही. अमुक पत्त्याच्या संगणकाला परवानगी, असा नियम वेगळा द्यावा लागतो. त्यातही दोन प्रकार आहेत : फक्त वाचणे, किंवा वाचणे आणि लिहिणे. म्हणजे कुलूप आधीपासून लावलेलं असतं, किल्ली कोणाला द्यायची ते माणसाने विचार करून ठरवायचं.

आपल्या शाळेत काय करायचं?

आपण काही मनिला बसवणार नाही. आपलं काम गूगल ड्राइव्हच्या फोल्डरवर भागतं. पण तिथे घाईघाईत "लिंक असलेला कोणीही" हा पर्याय निवडला जातो आणि ती लिंक व्हॉट्सॲपवर फिरत राहते. त्या फोल्डरमध्ये मुलांची जन्मतारीख, आधार क्रमांक, जात, दिव्यांगत्वाची नोंद असते. ही माहिती एकदा बाहेर गेली की परत आणता येत नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी वेगळ्या तरतुदी आहेत.

म्हणून फोल्डर बनवण्याआधी एका कागदावर तीन रकाने आखा : फाइल कोणती, कोण फक्त पाहणार, कोण बदल करणार. वर्गशिक्षकाला स्वतःच्या वर्गापुरता बदलाचा अधिकार पुरतो. फोल्डर शाळेच्या खात्यावर ठेवा, कोणाच्या वैयक्तिक खात्यावर नको. बदली झाली की जुना अधिकार त्याच दिवशी काढा, नव्या शिक्षकाला द्या.

पालकहो, तुम्हीही शाळेला मोकळेपणाने विचारा : "माझ्या मुलाची माहिती कोण कोण उघडू शकतं?" हा प्रश्न विचारण्यात काहीच गैर नाही. आणि आपल्या शाळेकडे त्याचं उत्तर त्या कागदावर तयार असायला हवं.