सलाईनची बाटली आणि शरीरातील द्रवांचा जमाखर्च

विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवरील आपल्या धाड परिसरात वैशाखाचे ऊन चढू लागले, की दवाखान्याच्या ओसरीवर एक विनंती वारंवार कानी पडते : "डॉक्टरसाहेब, लय अशक्तपणा आला, एक सलाईन लावून द्या." या बाटलीपायी कष्टकरी माणसाची दिवसाची मजुरी खर्ची पडते, म्हणून तिच्यात काय असते, आणि शरीरातील द्रव कोणकोणती कामे पार पाडतात, याचा विचार वाचकांनी स्वस्थपणे करावा, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

सत्तर किलो वजनाच्या निरोगी पुरुषाच्या देहात सुमारे ४२ लिटर पाणी असते. त्यापैकी दोन तृतीयांश पेशींच्या आत असून तेथे पोटॅशियमचे प्राबल्य असते. उरलेले पेशींच्या बाहेर असून तेथे सोडियमचा अंमल चालतो, आणि हे सोडियम आपल्याला मुख्यतः मिठातून मिळते. पेशीबाहेरच्या या द्रवातील जेमतेम तीन ते साडेतीन लिटर रक्तद्रवाच्या रूपाने अन्नांश, संप्रेरके आणि उष्णता सर्वांगी वाहून नेतात. रक्तवाहिन्यांतून पाझरून पेशींभोवती उरलेला अंश लसिकावाहिन्या गोळा करतात, आणि तो पुन्हा रक्तात जाण्यापूर्वी लसिकाग्रंथींत त्यातील जंतूंची झडती होते. मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा सुमारे १५० मिलिलिटर द्रव त्या नाजूक अवयवांना हादऱ्यांपासून जपतो. लाळ, जठररस, पित्त आणि इतर पाचक स्राव मिळून रोज सुमारे सात लिटर द्रव अन्नमार्गात उतरतो व आतडी तो जवळजवळ सगळा परत शोषून घेतात. मूत्रपिंडे तर दिवसाकाठी १८० लिटर द्रव गाळून त्यातला अवघा दीड लिटरभर मूत्ररूपाने बाहेर टाकतात.

एवढ्या प्रचंड उलाढालीचा जमाखर्च बिघडावयास फार वेळ लागत नाही. हगवणीत आतड्यांकडून होणारा परतीचा वसूलच कोलमडतो, आणि लहान मूल काही तासांत कोमेजते. भर उन्हात पऱ्हाटी उपटणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो, आणि त्याबरोबर मीठही जाते. अशा वेळी तासन्‌तास नुसतेच पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम उतरून चक्कर येते व डोके दुखू लागते.

आता बाटलीकडे वळू. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते; ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत बहुधा पंचवीस ग्रॅम साखर असते. शुद्धीवर असलेल्या, घोट गिळू शकणाऱ्या माणसाला हे सारे तोंडाने देता येते. कारण आतड्यात मीठ आणि साखर एकत्र पोहोचली, की ती बरोबरीने शोषली जातात व त्यांच्यामागे पाणीही आत खेचले जाते. पटकीसारख्या रोगातही ही क्रिया शाबूत राहते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पटकीच्या रुग्णांच्या नातलगांकरवीच पाजविले. त्यामुळे पूर्वी सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले.

म्हणून घरी अशाच मिश्रणाचे, म्हणजे ओआरएसचे, पुडे ठेवावेत. ते नसतील, तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. प्रमाणात हयगय नसावी, कारण जादा मीठ बालकाला अपाय करते. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. अंगावरचे दूध बंद करू नये, आणि डॉक्टरांनी दिलेल्या जस्ताच्या गोळ्यांचा १४ दिवसांचा क्रम पुरा करावा.

द्रव कमी पडणे जितके घातक, तितकेच ते भलत्या ठिकाणी साचणेही घातक. शेजारच्या जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडला विंचूदंशाच्या रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा विषामुळे हृदय दुबळे होऊन फुप्फुसांत पाणी भरते व त्यातच रुग्ण दगावतात, हे त्यांच्या ध्यानी आले. प्राझोसिन या औषधाने त्यांनी अनेकांचे प्राण वाचविले. फुप्फुसांत पाणी उतरलेल्या अशा रुग्णास, तसेच हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराच्या रुग्णास, बाटलीमागून बाटली लावणे म्हणजे संकटास आमंत्रण होय. अशा जुनाट विकाराच्या रुग्णांनी किती पाणी प्यावे, हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

मात्र मूल निपचित पडले, डोळे खोल गेले, पाणी पोटात टिकेनासे झाले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, शौचातून रक्त गेले, अथवा उन्हाने अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सलाईन हीच संजीवनी ठरू शकते, आणि तेथे दिरंगाई करता कामा नये. उन्हाने तापलेल्याचे अंग ओल्या फडक्यांनी गार करीत, आणि कोणत्याही रुग्णास तो शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर वाटेतही घोट-घोट पाजीत, त्याला तडक जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे.