बोका गादीवर मुततो तेव्हा

अगं, तो सूड म्हणून गादीवर मुततो हे आधी मनातून काढून टाक. इतकी वर्षं शहाण्यासारखं ट्रेमध्ये जाणारं मांजर एकाएकी गादी धरतं, तेव्हा बहुतेकदा त्याला काहीतरी दुखत असतं, नाहीतर कशाचा तरी धसका बसलेला असतो. म्हणून त्याला बाल्कनीत कोंडू नकोस, डॉक्टरांकडे ने.

ते लघवी तपासतील, गरज वाटली तर रक्त आणि सोनोग्राफीही सांगतील. खडे असतील, मूत्राशयाला सूज असेल. वय झालेलं असलं तर किडनी आणि साखरही बघायला हवी. शू करताना कळ आली की मांजराला वाटतं, हा ट्रेच दुखवतो. मग ते मऊ जागा शोधतं. कित्येकदा जंतू नाहीत, खडे नाहीत, तरी सूज असते आणि तिच्यामागे ताण निघतो. तुमचं नुकतंच घर बदललंय, हे डॉक्टरांना आवर्जून सांग.

एक मात्र नीट ऐक. तो सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय, कळवळतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नकोस. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. शी होत नसेल असं समजून लोक घरी थांबतात, आणि तिथेच घात होतो.

ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त ठेव, वॉशिंग मशीनच्या खडखडाटापासून लांब. फिनाईलने पुसू नकोस, मांजरांना ते बाधतं. डॉक्टरांनी फ्लुऑक्सेटिन लिहून दिलं तर दचकू नकोस. माणसांना नैराश्यावर देतात तेच हे, पण गुण यायला काही आठवडे लागतात.

दुखण्याने वागणं बदलतं ते कुत्र्यांचंही, म्हणून तुझ्या जाऊबाईंनाही सांग, कुत्रा हात लावताच गुरगुरायला लागलाय तर त्याचे कान, दात, कंबर तपासून घ्या म्हणावं. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो आणि पुढच्या वेळी थेट चावतो.

दवाखान्यात प्राणी बावरून वेगळाच वागतो, तेव्हा घरचा व्हिडिओ काढून ने. आणि तोवर कळवळ्यापोटी घरातली गोळी देऊ नकोस हं. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.