घोडा दुडकीवरून दौडीवर का येत नाही?

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी घोडा आणला. मोकळा असताना छान दौडतो. पण स्वारी करताना दुडकीवरून दौडीवर घ्यायला गेलो की कान मागे पाडतो, मान वर करतो, अडतो. हट्टी आहे का?
– एक वाचक, जामसर (ता. जव्हार)

उत्तर : हट्टी ठरवण्याआधी त्याला दुखतंय का, ते पाहा. मोकळा दौडतो आणि स्वाराखाली अडतो, म्हणजे पहिला संशय खोगिरावर आणि पाठीवर. कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटांनी दाबत जा. त्याने पाठ खाली घेतली तर स्वारी बंद ठेवा. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होऊन गाल सोलतात. त्या आणि खूर पशुवैद्यकांकडून तपासून घ्या.

दुसरं कारण शिकवणीत असतं. बऱ्याच मारवाडी घोड्यांना रेवाल चालीची सवय लावलेली असते, दौडीचा इशारा त्यांना ठाऊकच नसतो. दौडीची सुरुवात वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या मागच्या पायाने होते. त्यावर भार घ्यायला पाठ मोकळी हवी. स्वार पुढे झुकून टाच मारतो आणि लगामही ओढतो, तेव्हा घोड्याला एकाच वेळी ‘चल’ आणि ‘थांब’ ऐकू येतं.

आधी स्वाराशिवाय, लांब दोरीवर मोठ्या वर्तुळात तोंडी हुकमाने दौड शिकवा. मग स्वार होऊन मऊ मातीच्या हलक्या चढावर, वळणातून निघताना दौड मागा. घाटउतारावर कधीच नको. दोन-चार टापा दौडला तरी लगाम सैल सोडून थोपटा. वेदना नसलेला, समजून घेतलेला घोडा मनापासून साथ देतो.