काचपेटीतले पाणी : निर्मळ आणि निरोगी



घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत माशांची नवी काचपेटी आली, की पहिले चार दिवस मोठ्या कौतुकाचे असतात. मग पाणी दुधाळ दिसू लागते. कोणीतरी सुचवते, 'सगळे पाणी बदला, वाळूही घासून धुवा.' तसे केले की पाणी लख्ख दिसते. पण आठवड्याभरात मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात आणि एकेक करून मरतात. एवढी स्वच्छता ठेवूनही असे का व्हावे?

न दिसणारे विष

दुधाळपणा येतो तो उरलेल्या खाद्यावर वाढणाऱ्या जीवाणूंमुळे. तो बहुधा काही दिवसांत आपोआप जातो. खरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे अमोनिया. मासे तो कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. कुजणाऱ्या खाद्यातूनही तो तयार होतो.

थोडे गणित करू. पेटी ६० सें.मी. लांब व ३० सें.मी. रुंद आहे आणि पाणी २५ सें.मी. उंच आहे. म्हणजे पाणी झाले ४५ लिटर. त्यात १ ग्रॅम खाद्य न खाता कुजले. त्यात ४० टक्के प्रथिने आहेत असे धरू. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असतो, म्हणून नत्र मिळाला ६४ मिलिग्रॅम. त्या सर्वाचा अमोनिया झाला तर तो सुमारे ७८ मिलिग्रॅम, म्हणजे दर लिटरला १.७ मिलिग्रॅम भरेल!

हा सगळाच अमोनिया सारखा घातक नसतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला पाण्याचा सामू ७ असेल, तर त्यातला सुमारे अर्धा टक्काच विषारी मुक्त रूपात असतो. सामू ८ असेल, तर हे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांवर जाते. म्हणून अल्कधर्मी पाण्यात धोका अधिक.

अदृश्य सफाई कामगार

तळ्यात हे विष साठत नाही, कारण तेथे विशिष्ट जीवाणू असतात. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच, ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी करते. दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य असते आणि वनस्पती ते खत म्हणून वापरतात. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास या जीवाणूंचा अभ्यास केला. काचपेटीतले दुसऱ्या टप्प्याचे काम मुख्यतः नायट्रोस्पिरा हे जीवाणू करतात, असे १९९८ मधील संशोधनात दिसून आले.

हे जीवाणू वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजवर चिकटून राहतात. पुष्कळसे जीवाणू अनुकूल परिस्थितीत अर्ध्या तासात दुप्पट होतात. यांना अर्धा-एक दिवस किंवा अधिकही लागतो. त्यामुळे पेटी 'तयार' व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. आता कोडे सुटले ना? वाळू घासून धुताना आपण आपले सफाई कामगारच मोरीत ओतून दिले!

काय करावे?

१. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना व जीवाणूंना मारक असतो. पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग वापरावे.

२. सुरुवातीला दोन-तीनच मासे सोडावेत.

३. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे.

४. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. काढलेल्या पाण्यातच स्पंज हलका पिळावा. नळाखाली धरू नये.

५. पाणी हिरवे होऊ लागले तर ते शेवाळ समजावे. पेटी खिडकीतल्या उन्हापासून दूर न्यावी. हायड्रिलासारख्या पाणवनस्पती लावाव्यात.

करून पाहा

दोन सारख्या बरण्यांत सारखेच मुरवलेले पाणी घ्या. एकीत नवी धुतलेली वाळू घाला. दुसरीत जुन्या, निरोगी पेटीतली तेवढीच ओली वाळू घाला. दोन्हींत चिमूटभर खाद्य टाका. मासे मात्र सोडू नका. मासे विकणाऱ्या दुकानात मिळणाऱ्या संचाने दर तीन दिवसांनी अमोनिया मोजा आणि महिनाभर आलेख काढा. कोणत्या बरणीतला अमोनिया आधी उतरतो? त्यावरून नव्या पेटीत जुन्या पेटीतली मूठभर वाळू का घालतात, हे तुम्हीच सांगू शकाल.