त्वचेवर उमटणारे ताट

त्वचेचे आरोग्य म्हटले की साबण, तेल आणि मलमे आठवतात. वास्तविक त्वचेची जडणघडण ताटापासून सुरू होते. पेलाग्रा या रोगाचा इतिहास त्याची साक्ष देतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागातील गरीब कष्टकऱ्यांत हा रोग पसरला. मान, हात अशा उन्हात उघड्या राहणाऱ्या भागांची कातडी काळवंडून सोलून निघे. पुढे जुलाब, बुद्धिभ्रंश आणि मृत्यूही ओढवे. कोणी त्याला संसर्ग ठरवले, तर कोणी त्याचे मूळ रुग्णांच्या वंशात शोधले.

१९१४ मध्ये डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी अनाथालये पाहिली. तेथे मुले आजारी पडत, कर्मचारी मात्र निरोगी राहत. संसर्ग असा भेद कसा करील? मुलांच्या जेवणात मक्याचाच भरणा होता. मिसिसिपीतील अनाथालयांत दूध, अंडी, मांस व कडधान्ये वाढवताच रोग हटला. दोष रक्तात नव्हता, ताटात होता. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेहेम यांच्या संशोधनातून हरवलेला घटक गवसला: नियासिन, म्हणजेच ब-३ जीवनसत्त्व.

नियासिनमुळे पेशींना ऊर्जा मिळते आणि उन्हाने झालेली हानी भरून काढता येते. ते अपुरे पडले की त्वचा उन्हापुढे हतबल होते. आपल्या दक्खनवरही हैदराबाद परिसरातील, मुख्यतः ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत हा रोग आढळला. डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा सखोल अभ्यास केला. याचा अर्थ भाकरी वाईट असा नव्हे. नुसत्या भाकरीवर दिवस काढावे लागणे घातक आहे.

भाकरीसोबत डाळ, शेंगदाण्याची चटणी, अंडे किंवा मासे, दूध असावे. पेरू, आवळा यांतील क जीवनसत्त्वाशिवाय त्वचेला घट्ट ठेवणारे कोलॅजन नीट तयार होत नाही. वय कोणी थांबवू शकत नाही, मात्र पुरेसा आहार आणि उन्हापासून बचाव यांमुळे त्वचेचे अकाली जीर्ण होणे टळू शकते.

वसतिगृहाच्या भोजनगृहाकडे म्हणूनच वर्गाइतक्याच गांभीर्याने पाहावे. पालकहो, माजी विद्यार्थी मित्रहो, लेकरांच्या अंगावरील चट्टे पाहून त्यांना अस्वच्छ म्हणण्याआधी, ती काय जेवतात हे विचारावे, आणि डॉक्टरांनाही दाखवावे.